गोधडी

गोधडी : जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक पसरून व हाताने घातलेल्या धावदोऱ्याच्या ओळींनी ते एकत्र जखडून तयार केलेले अंथरण्या-पांघरण्याचे वस्त्र. मराठीत तिला ‘वाकळ’ असेही म्हणतात. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’काराचा ‘य’ होत असल्याने तेथे ‘वाकय’ असा उच्चार ऐकू येतो. संस्कृतातील ‘कंथा’, हिंदीतील ‘गुदडी’, गुजरातीतील ‘गोदडी’ व कन्नडमधील ‘कौदी’ ह्या संज्ञा याच प्रकारच्या वस्त्राच्या वाचक आहेत. तान्ह्या मुलासाठी केलेल्या लहान व मऊ गोधडीस ‘दुपटे’ म्हणतात. चार पदरी पांघरुणास काही भागांत ‘चौघडी’ असे नाव आहे. गादी, रजई व दुलई यांहून गोधडी मूलतः भिन्न आहे. त्या तिन्ही वस्तूंत पिंजलेला कापूस भरलेला असतो व तो पिंजण्यासाठी पिंजाऱ्याची गरज लागते. गोधडी मात्र सर्वस्वी कापडाची असून घरातील स्त्रिया ती घरातील वस्त्रांपासूनच तयार करतात. तिचा नमुना कागदावर काढलेला नसतो. लुगड्याचा पन्हा, हाताचे माप व टाक्यांची मोजणी यांतून तो ठरतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वऱ्हाडातील गोधडीचे साहित्य, कृती, नमुने व सामाजिक स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. १८५३ मध्ये तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खुंटला व लँकाशरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडातील कापसास मुंबई बंदराची वाट खुली झाली. व्यापारात ह्या कापसास अमरावतीच्या नावावरूनच ‘ऊमरा’ असे नाव पडले होते. पुढे नागपूर येथे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली व गिरणीचे धोतर आणि लुगडे खेडोपाडी मिळू लागले. ह्या घडामोडींचा परिणाम असा झाला, की शेतात पिकलेला कापूस हे रोख पैशाचे पीक ठरले. तो घरी ठेवण्यापेक्षा बाजारात नेणे कुणब्यास भाग पडे. सारा, सावकाराचे देणे व घरखर्च यांची भिस्त त्यावरच असे. घरात कापूस परत येई तो विकत घेतलेल्या कापडाच्या रूपाने. कापसाच्या देशात सामान्य घराचे अंथरूण-पांघरूण पिंजलेल्या कापसाचे नसून झिजलेल्या कापडाचे का असे, याचे एक कारण येथे सापडते. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी हा प्रदेश होरपळला, तेव्हा तर कापडाचा प्रत्येक तुकडा जपून ठेवण्यासारखाच होता.

वस्त्राच्या उपयोगाचा एक ठरावीक क्रम अशा घरांतून आढळतो. नवे लुगडे सणासुदीला, मग रोजच्या वापराला व शेतातील कामाला वापरले जाई. ते विरले, की त्याचा धडका भाग गोधडीसाठी बाजूला निघे, उरलेल्याची फडकी व पोतेरी होत. गोधडी ही त्या वस्त्राची अखेरची, पण सर्वांत दीर्घ अवस्था असे. कारण फाटलेल्या गोधडीवर नवे थर घालून ती पुन्हा शिवली जाई. त्यामुळे एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे एकत्र आलेली असतात.

साहित्य व साधने : गोधडीस लागणारे कापड सुती व अनेकदा धुतलेले असावे लागते. धुण्यामुळे त्यातील खळ निघून जाते, धाग्यांचा पीळ सैलावतो व कापड मऊ होते. नऊवारी लुगडे हे त्यांत प्रमुख होय. नऊ वार म्हणजे १८ हात (सु. ८·२ मी.). त्याचे चार सारखे भाग केले, की प्रत्येकी साडेचार हातांचे (सु. २·०५ मी.) चार पदर मिळतात. ही लांबी मोठ्या माणसाच्या पांघरुणास बेताची पुरते. लुगड्याचा पन्हा अडीच हातांच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंस काठांच्या किंवा दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडून तो तीन हातांपर्यंत वाढवितात. साडेचार हात लांब व तीन हात रुंद हे गोधडीचे माप असे लुगड्याच्या मापातूनच निघाले आहे. कडा दुमडून व टाक्यांनी आवळून झाल्यावर तयार गोधडी सु. २ मी. लांब व १·३ मी. रुंद भरते. आतील थरांसाठी धोतर, उपरणे, सदऱ्याचे तुकडे इ. चालतात. वरच्या व खालच्या थरांसाठी मात्र त्यातल्या त्यात धड कापड निवडावे लागते. धोतराचे कापड विशेष मऊ असल्याने दुपट्याच्या आतील थरांसाठी ते अधिक पसंत केले जाते.

साधने अगदी मोजकी असतात : सुई, जाड थरांसाठी बारीक दाभण, कातर, सुती दोरा, दोऱ्यावर फिरविण्यासाठी मेणाचा तुकडा आणि बोटात घालावयाचे अंगुस्तान. मेणामुळे दोरा गुंतत नाही व थरांतून सहज सरकतो. मापासाठी बोट, वीत व हात हीच परिमाणे पुरतात. मोठ्या गोधडीस सारवलेली, सपाट व कोरडी जमीन लागते. म्हणून हे काम बहुधा उन्हाळ्यात केले जाते. वऱ्हाडात कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे काही महिने चालते. ती संपली व शेतातील कामे थंडावली, की चैत्र-वैशाखात स्त्रियांना त्यातल्या त्यात सवड मिळते. धुतलेल्या कापडास कडक ऊनही याच दिवसांत मिळते.

कृती : (१) प्रथम कापड पारखून घेतात. ते उजेडासमोर धरले असता विरलेला भाग ध्यानी येतो. दोन्ही हातांत धरून ओढल्यावर जे करकरून फाटते, ते वरच्या थरास निरुपयोगी समजावे. अलीकडे मिश्र धाग्याचे कापड सर्रास वापरात असल्याने आणखी एक परीक्षा आवश्यक ठरते. कापडाचे दोन-चार धागे काढून चिमट्याने जाळून पहावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची भुरभुरीत राख होते, तर पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची टणक गुठळी बनते. (२) निवडलेले कापड धुऊन वाळवितात. लाल किंवा गडद निळा रंग सुटतो की काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पहावे. (३) कातरीने कापण्याऐवजी कडेला लहानशी चीर देऊन कापड हाताने आडवे फाडतात. कापड बाण्याच्या धाग्याच्या रेषेत फाटते व कड आपोआप सरळ येते.

(४) खालचा थर जमिनीवर ताणून पसरतात व त्यावर एकेक थर घालतात. आतील तुकडे एकमेकांवर चढू नयेत, ते कडेला कड लावून मांडावेत. अन्यथा त्या जागी गाठ येते व सुई अडते. एका थरातील तुकड्यांचे सांधे दुसऱ्या थरातील सांध्यांवर येऊ न देणे हाही एक महत्त्वाचा नियम आहे. भिंत बांधताना विटांचे सांधे चुकवितात, तसाच हा प्रकार होय. चार ते सहा थर सामान्यतः पुरेसे होतात. (५) सर्व थर मांडून झाल्यावर मध्यापासून कडांकडे हाताने सुरकुत्या काढीत लांब कच्चे टाके घालतात. हे टाके मध्यापासून बाहेर न घालता कडेपासून आत घातले, तर मध्यभागी फुगा राहतो व तो पुढे कशानेही जात नाही. (६) चारही कडा दोन बोटे आत दुमडून त्यांवर काठाची पट्टी बसवितात.

(७) नंतर पक्के टाके घालतात. पहिली ओळ कडेपासून बोटभर आत घेतात आणि चारही बाजूंनी फिरत-फिरत मध्याकडे जातात. मोठ्या गोधडीवर दोघी किंवा चौघी समोरासमोर बसतात. दोरा दीड हाताहून लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो व प्रत्येक टाक्यागणिक झिजून कच्चा होतो. गाठ वर न ठेवता दोन थरांच्या मध्ये दडवितात. गाठ उघडी राहिली, तर अंगाला टोचते व घासून सुटते. टाका फार आवळल्यास कापड चुण्या खाते आणि सैल ठेवल्यास बोट अडकून तुटतो. म्हणून दर वीतभर शिवल्यावर ओळ हाताने ताणून घेण्याची पद्धत आहे. शेवटी कच्चे टाके उसवितात.

ह्या कामात किती श्रम पडतात, याचा हिशेब करता येतो. २ मी. × १·३ मी. आकाराच्या गोधडीवर दोन-दोन सेंमी. अंतराने ओळी घातल्या, तर ओळींची एकूण लांबी सु. १३० मी. भरते. टाका व त्यापुढील मोकळी जागा मिळून सव्वा सेंमी. धरल्यास सु. १०,४०० टाके पडतात. दुहेरी दोरा वापरल्यास, थरांतून जाण्यात खर्ची पडणारी लांबी लक्षात घेता, जवळजवळ ३०० मी. दोरा लागतो. मिनिटास आठ ते दहा टाके ह्या गतीने केवळ शिवण्यास १७ ते २२ तास होतात. कापड धुणे, फाडणे, मांडणे व कच्चे टाके घालणे ही कामे यांत धरलेली नाहीत. कापड फुकटचे असले, तरी गोधडी फुकटची नसते, हे ह्या आकड्यांवरून स्पष्ट होते.

उबेचे तत्त्व : गोधडीची ऊब कापडापेक्षा त्यात कोंडलेल्या हवेमुळे अधिक मिळते. स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. थरांच्या मध्ये व धुऊन मऊ झालेल्या धाग्यांच्या तंतूंत ती अडकून राहते. धावदोऱ्याच्या ओळी थरांना सरकू देत नाहीत व ओळींच्या दरम्यान हवेला जागाही ठेवतात. ओळी फार दाट घातल्यास गोधडी टिकाऊ होते, पण दबून कडक बनते. त्या फार विरळ घातल्यास धुताना थर गोळा होतात. दीड ते अडीच सेंमी. हे अंतर ह्या दोहोंमधील अनुभवसिद्ध तडजोड होय. सुती कापड घाम शोषून घेते, हा आणखी एक गुण. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या सु. ८·५ टक्के आर्द्रता धारण करतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०·४ टक्के. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते व हिवाळ्यात रात्री ते १०° से.च्या आसपास उतरते. तीच गोधडी एका ऋतूत अंथरण्यासाठी व दुसऱ्या ऋतूत पांघरण्यासाठी वापरता येते, ती सुती असल्यामुळेच.

नमुने : गोधडीच्या नमुन्यांत दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत : टाक्यांच्या ओळींनी उमटणारी आकृती व वरच्या थरावरील रंगीत तुकड्यांची मांडणी. टाक्यांच्या नमुन्यांपैकी सर्वांत रूढ नमुना चौकटीचा होय. त्यात कडेपासून मध्यापर्यंत एकात एक अशा चौकटी तयार होतात. तो दिसण्यास सुबक असतोच, पण त्याचे मुख्य कारण सोयीचे आहे. चौघी चार बाजूंस बसल्या, की प्रत्येकीला आपल्या समोरची कड शिवता येते व गोधडी फिरवावी लागत नाही. केवळ उभ्या ओळींचा नमुना एकटीने शिवण्यास सोपा पडतो. उभ्या ओळींवर आडव्या ओळी घातल्या म्हणजे चौकडा तयार होतो. तो अंथरण्याच्या गोधडीस विशेष मजबुती देतो. तिरप्या ओळी एकमेकींस छेदून शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी करतात. मात्र तिरप्या दिशेने कापड ताणले जात असल्याने ह्या नमुन्यास सरावाचा हात लागतो.

तुकड्यांच्या मांडणीत चौकोन, त्रिकोण व लांब पट्ट्या हेच आकार मुख्यत्वे येतात. गोल किंवा वेलबुट्टीदार आकार कापताना कापड वाया जाते व त्यांच्या कडा उसवतात, म्हणून ते क्वचित आढळतात. लुगड्याचे काठ व पदर हे कापडाचे सर्वांत घट्ट विणीचे भाग असल्याने ते चौकटीसाठी राखून ठेवतात. कोपऱ्यावर दोन काठ एकमेकांवर सरळ न चढविता अर्ध्या काटकोनात दुमडून जोडले, की जाडी वाढत नाही. चौकोनी तुकडा दोनदा दुमडून केलेले त्रिकोण कडेस ओळीने बसविण्याचीही रीत आहे. रंगांची निवड हाती असलेल्या कापडाने मर्यादित होते. तरी गडद व फिका यांची आलटूनपालटून मांडणी करण्याकडे सर्वत्र कल दिसतो. एखादा रंग अपुरा पडला, की त्या जागी दुसरा तुकडा लावून मांडणी पुढे नेतात. त्यामुळे कोणत्याही दोन गोधड्या सारख्या नसतात.

नऊ घरांचे दुपटे : नवशिक्या हातास सोपा असा एक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल. तयार दुपटे १ मी. लांब व तितकेच रुंद होईल. पाच गडद व चार फिके असे ३२ सेंमी. बाजूचे नऊ चौकोन कापावेत. प्रत्येक बाजूस एक सेंमी. शिवणीत जाऊन शिवलेला चौकोन ३० सेंमी.चा राहतो. गडद तुकडे चार कोपऱ्यांत व मध्यभागी आणि फिके त्यांच्या दरम्यान मांडावेत. तीन-तीन चौकोन जोडून तीन पट्ट्या कराव्यात. पहिल्या व तिसऱ्या पट्टीतील शिवणीची दुमड एका बाजूस आणि मधल्या पट्टीतील दुमड विरुद्ध बाजूस वळवावी, म्हणजे पट्ट्या एकमेकींस जोडताना सांध्यावर गाठ येत नाही. अशा तऱ्हेने ९० सेंमी.चा चौरस तयार होतो. त्याभोवती बसविण्यासाठी लुगड्याच्या काठाच्या ७ सेंमी. रुंद व १०२ सेंमी. लांब अशा चार पट्ट्या घ्याव्यात. दोन्ही कडांच्या शिवणी वजा जाता काठ ५ सेंमी. रुंद दिसतो व दुपट्याची बाजू १०० सेंमी. भरते. एकूण ४०८ सेंमी. काठ लागतो, तो नऊवारीच्या एका बाजूच्या काठाच्या निम्म्यातच निघतो. आत जुन्या धोतराचे दोन थर व खाली एक अखंड मऊ कापड घालावे. खालचे कापड चोहोबाजूंनी एक-एक सेंमी. मोठे ठेवून त्याची कड काठाच्या कडेबरोबर आत दुमडावी. दोन सेंमी. अंतराने चौकटीचा धावदोरा घातल्यास सु. ५० मी. लांबीची शिवण व, एक सेंमी.मागे एक टाका धरल्यास, सु. ५,००० टाके होतात. दुपट्यावर मणी, टिकल्या किंवा जरीचा काठ लावू नये. ते मुलाच्या अंगास लागतात व निघाल्यास तोंडात जाण्याचा धोका असतो.

सामाजिक स्थान : बाळंतविड्यात झबले, टोपडे व कुंची यांच्याबरोबर दुपट्यालाही स्थान आहे. आजीच्या किंवा आईच्या जुन्या लुगड्याचे दुपटे करण्याची प्रथा मराठी घरांतून सर्वत्र आढळते. तीमागे माया आहे, तशीच व्यवहारदृष्टीही. नव्या कापडाची खळ व खरखर कोवळ्या त्वचेस सोसत नाही. प्रवासाला किंवा यात्रेला निघालेल्या माणसाची वळकटी बहुधा गोधडीचीच असे. गोधडी शिवण्याचे काम शेजारणींनी एकत्र बसून करावयाचे असल्याने ते गप्पा, गाणी व घरगुती सल्लामसलत यांचेही स्थळ होई. मुली ते पाहून शिकत. त्यासाठी निराळे शिक्षण नव्हते. काही ठिकाणी मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही असत. दुसऱ्या बाजूने, गोधडी ही दारिद्र्याची खूण समजली जाई व पाहुण्यांसमोर ती काढण्याचा संकोच वाटे.

ह्या संकोचाला छेद देणारे उदाहरण वऱ्हाडातच घडले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडून केलेले गोधडीवजा वस्त्र व हाती मातीचे गाडगे घेऊन गावोगाव हिंडत. त्यामुळे लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ ह्या नावानेही ओळखत. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या व लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणाऱ्या ह्या संताच्या अंगावर ती असल्याने गरिबाच्या वस्त्रास एक निराळी प्रतिष्ठा लाभली.

त्याच जिल्ह्यात अमरावती–नागपूर मार्गावरील मोझरी (ता. तिवसा) येथे तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या ग्रामगीता (१९५५) ह्या ४१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात श्रमाची प्रतिष्ठा, गावाचे स्वावलंबन, ग्रामोद्योग व महिलोन्नती हे विषय विस्ताराने आले आहेत. वर्धा नदीपलीकडे, शेजारच्या वर्धा येथे, महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. गावातील साधनांतून, गावाच्या हातांनी, गावाची गरज भागविणे हे ह्या विचारांचे सूत्र होते. गोधडी ह्या कसोटीस पुरेपूर उतरते : तिला बाहेरून आणावा लागतो तो केवळ सुई-दोरा. तथापि चरखा, घाणी किंवा हातकागद यांप्रमाणे गोधडीची गणना उद्योगात सहसा झाली नाही. ती विकण्यासाठी नव्हती व तिच्यावर खर्च होणारे वेळ आणि श्रम घरकामातच जमा धरले जात. गोधडीच्या इतिहासाची साधने तुटपुंजी असण्याचे हेही एक कारण आहे. जे विकले जात नाही त्याची नोंद होत नाही, आणि वापरून-वापरून संपणारी वस्तू संग्रहालयापर्यंत क्वचितच पोहोचते.

इतर प्रदेशांतील समान प्रकार : जुन्या वस्त्रांचे थर धावदोऱ्याने जोडण्याची कला भारताच्या अनेक भागांत आढळते. बंगालमधील कांथा हा तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार. त्यात जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी कमळ, प्राणी, माणसे व कथाप्रसंग भरतात. जसीमुद्दीन ह्या कवीच्या नक्शी काँथार माठ (१९२९) ह्या काव्याने तिला साहित्यात स्थान दिले. बिहारमधील सुजनी व सिंध-राजस्थानातील रल्ली हे आणखी दोन प्रकार होत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या कवंडीत तुकडे थेट थरांवर ठेवून कडेपासून मध्याकडे शिवीत जातात व चार कोपऱ्यांवर त्रिकोणी ‘फुले’ बसवितात. ही रीत महाराष्ट्रातील गोधडीस फार जवळची आहे. जपानमधील साशिको ह्या प्रकारात निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा असतो. त्याचाही उगम जुने कापड बळकट करून टिकविण्याच्या गरजेत आहे. कांथेच्या तुलनेने मराठी गोधडी अलंकरणात साधी आहे. तिचे सौंदर्य चित्रात नसून ओळींच्या सारखेपणात व काठांच्या मांडणीत आहे.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोधडीस लागणारे कापडच दुर्मिळ होऊ लागले. नऊवारी लुगड्याची जागा पाचवारी साडीने व धोतराची जागा विजारीने घेतली. पाचवारीचे साडेचार हातांचे दोनच पूर्ण पदर निघतात आणि शिवलेल्या कपड्यांतून तर सरळ पट्टीही मिळत नाही. कृत्रिम धाग्याचे कापड १९७० नंतर वाढत गेले व १९८५ च्या वस्त्रधोरणाने त्यास अधिक वाव दिला. असे कापड लवकर विरत नाही, धुऊन मऊ होत नाही व घाम शोषीत नाही. त्याची गोधडी रंगीत दिसते, पण थर एकमेकांवरून घसरतात. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीणही चांगल्या साड्या घेऊन जाई. यंत्रावर तयार झालेल्या स्वस्त चादरी व ब्लँकेटे यांनी उरलीसुरली गरज भागविली.

याच काळात गोधडीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) व महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान (२०११) यांसारख्या उपक्रमांतून महिला बचत गटांचे जाळे उभे राहिले, आणि घरगुती वस्तूंना प्रदर्शनांतून बाजारपेठ मिळू लागली. शहरी ग्राहक गोधडी कलावस्तू म्हणून विकत घेऊ लागला. परंतु मागणीबरोबर काही प्रश्नही आले. नव्या, खळ असलेल्या कापडाच्या व यंत्राने टिपा घातलेल्या गोधड्या त्याच नावाने विकल्या जातात. यंत्राची टीप दुहेरी दोऱ्याची व सलग असल्याने थर घट्ट आवळले जातात आणि हातशिलाईचा मऊपणा राहत नाही. हाताने शिवलेल्या गोधडीस १७ ते २२ तासांची मजुरी धरून किंमत लावली, तर ती चादरीच्या कितीतरी पट होते. ती तशी न लावली, तर जे श्रम पूर्वी घरात बिनमोल ठरले, तेच बाजारातही बिनमोल ठरतात. गोधडीचे खरे मूल्य ठरविताना कापड, ओळींमधील अंतर, टाक्यांची संख्या व शिवणीचा प्रकार यांची नोंद वस्तूबरोबर असणे म्हणूनच आवश्यक आहे.

कलेच्या जतनाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जुनी गोधडी पेटीत जपून ठेवल्याने वस्तू टिकते, रीत टिकत नाही. शिवणाऱ्या हातांची मापे, थर मांडण्याचे नियम, कोपरा वळविण्याची पद्धत व नमुन्यांची स्थानिक नावे यांची गावोगाव टिपणे होणे जरूर आहे. उसवलेली जुनी गोधडी हे त्यासाठीचे उत्तम साधन होय. तिचे थर एकेक करून उलगडले, तर कोणत्या काळी घरात कोणते कापड आले, ते किती वापरले गेले व किती वेळा सांधले गेले, हे क्रमाने दिसून येते. पूर्वी शेजारणीजवळ बसून मिळणारे हे ज्ञान शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला मोजमापासह शिकविता येण्याजोगे आहे. त्यास लागणारे भांडवल म्हणजे एक सुई, दोऱ्याचे रीळ व घरातील एक जुने सुती वस्त्र.